जागा धरायची खुर्ची

एउसेबिओ रोसालेसनं सकाळभर फावडं मारून रस्त्याकडेला व्हॅनपुरता बर्फ उपसला आणि व्हॅन काढताना त्या जागेत एक मोडकी खुर्ची ठेवली. शिकागोच्या पिल्सन वस्तीत एवढं पुरतं. खुर्ची ठेवली की जागा तुमची. पाद्रीबाबाही ती हलवत नाहीत.

संध्याकाळी मक्याचे उकडलेले तमाले विकून दोघं परतली, तर तिथं भलत्याचीच गाडी उभी.

"म्हातारबा, खुर्ची गेली," बायको ओफेलिया म्हणाली.

"कोण नेणार? तिला तीनच पाय होते."

"मग चालत तर गेली नसणार."

खुर्ची मोडकी, म्हणून कुणी मान दिला नाही, असं एउसेबिओनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं धड खुर्ची ठेवली. तीही गेली. मग टेबल, दिवा, कपांचं खोकं आणि शेवटी आरामखुर्ची. महिना सरेपर्यंत त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात फक्त पलंग आणि तमाल्यांचं पातेलं उरलं.

अशात वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या ब्रॅडननं दोघांना कॉफीला बोलावलं. दोघं आपापल्या खुर्च्यांवर बसली.

"तुमची वस्ती फार दिलदार," ब्रॅडन म्हणाला. "लोक रोज माझ्यासाठी काहीतरी रस्त्यावर ठेवतात."

"सांग त्याला," ओफेलिया कुजबुजली.

"त्याचीच कॉफी पिता पिता?"

"कप आपले आहेत."

तेवढ्यात घरमालक क्रेमर जिना चढून आला. वसंतात रोसालेसांचा करार संपत होता, आणि पुढचं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेर न्यायचं त्यानं ठरवलं होतं. चोवीस वर्षं राहिलेल्या माणसांना जा म्हणण्याची ही सभ्य रीत.

"खिडकीतून बघितलं," तो खुशीत म्हणाला. "सामान हलवलंत. शहाणी माणसं."

ब्रॅडनला राहवेना. तो खाली जाऊन बघून आला आणि हरखून म्हणाला, "काय मोकळेपणा आहे तिथं. मला असंच राहायचंय. हवं तर दुप्पट भाडं घ्या."

क्रेमरचे डोळे लकाकले. मग त्यानं वरच्या खोलीवर नजर फिरवली. डुगडुगत्या खुर्च्या, खरचटलेलं टेबल, झालर सुटलेला दिवा. त्याचा चेहरा उतरला. "या घराची तर पार रया गेली. हे कोण घेणार आता?"

एउसेबिओ बायकोकडे बघत राहिला. ओफेलियानं कप खाली ठेवला.

"आम्ही घेऊ. जुन्याच भाड्यात. पण दहा वर्षांचा करार, आणि आत्ता लिहून द्या."

"आणि खालचं कधी सोडाल?"

"कॉफी संपली की."

क्रेमरनं तिथंच, त्यांच्याच टेबलावर, सही केली.

"तुझं हे सामान?" एउसेबिओनं हळूच विचारलं.

"राहू दे तुम्हालाच," ब्रॅडन मोठ्या मनानं म्हणाला. "वस्तीनं दिलं, वस्तीलाच परत."

"देव तुझं भलं करो, पोरा," ओफेलिया म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

पलंग आणि पातेलं वर चढवायला फार वेळ लागला नाही. मदतीला धावत आलेल्या शेजाऱ्यानं विचारलं, "बाकीचं सामान कुठंय?"

"ते आधीच पुढं आलंय," आरामखुर्चीत पाय पसरत एउसेबिओ म्हणाला. "आम्हीच जरा मागं राहिलो होतो."