बाईंनी असं म्हटल्यालं न्हाई

किकवीतल्या सदूअण्णांच्या पिठाच्या गिरणीत गाणं लागलं, की गिरणी बंद होते. दळण निम्मं झालेलं असो नाहीतर वीज जायची वेळ झालेली असो, अण्णा खटका पाडतात, पट्टा फडफडत थांबतो आणि रांगेतल्या बायका आपापल्या डब्यांवर बसून घेतात. गावात नवीन आलेली एखादी सून विचारते, "मशीन बिघडली का?" बाकीच्या तिला ओठावर बोट ठेवून गप्प करतात. अण्णा रेकॉर्ड प्लेअरवरचं फडकं काढतात आणि चंद्राबाई वेळवंडकर गायला लागतात.

याला मुळात कारण आहे. गिरणी चालू असली की फरशी थरथरते आणि रेकॉर्डवरची सुई उडते. पण अण्णा नुसते गुणगुणायला लागले तरीही गिरणी बंद होते. गुणगुणायला सुई लागत नाही, असं मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "बाईंचं गाणं दळणात मिसळू का? बाई काय गहू हायेत?"

चंद्राबाई भोर-वेल्ह्याच्या जत्रांमधून गायच्या. शिकलेला गळा नव्हता. आवाज जाडसर, थोडा नाकातून येणारा, घाट चढून आलेल्या बाईनं दारात उभं राहून बोलावं तसा. त्यांच्या थोड्या रेकॉर्ड निघाल्या आणि नंतर बाजारातून गेल्या. त्यातली एक अण्णांनी लग्नाच्या वर्षी पुण्याहून आणली. "घाटाखाली सासर माजं, घाटावरती माहेर गं" हे तिच्यावरचं गाणं किकवीत लहान पोरालाही पाठ आहे.

अण्णांची ऐकायची पद्धत ठरलेली. चपला बाहेर, चहा नंतर, आणि मान डोलवायची नाही. "मान डोलली की कान हालतो," असं ते सांगतात. बाई कुठं श्वास घेतात तिकडं ते आधीच बोट दाखवतात. "हितं बगा. दम घेतला. चढावर घेतला, उतारावर न्हाई. डोंगरातली बाई हाय." मग एक ओळ झाली की डोळे मिटून "हां" म्हणतात. त्या "हां"साठी तरी गाणं पुन्हा ऐकावं असं वाटतं.

शब्दांच्या बाबतीत ते कुणालाच सोडत नाहीत. हळदीला कुणी एखादा शब्द बदलून म्हटला तर अण्णा मांडवात उभे राहतात. "बाईंनी असं म्हटल्यालं न्हाई." हे वाक्य त्यांना इतकं सवयीचं झालं आहे, की ते कुठंही येतं. गॅसच्या टाकीचा भाव वाढला, बाईंनी असं म्हटल्यालं न्हाई. ग्रामसभेत सरपंचांनी पाण्याची टाकी पुढच्या वर्षावर ढकलली, तेव्हाही मागच्या रांगेतून तेच ऐकू आलं, आणि सरपंचांनी सवयीनं माफी मागितली.

"घाटाखाली"च्या तिसऱ्या कडव्यात मात्र रेकॉर्ड खराब आहे. तिथं सुई उडते आणि एक ओळ गळते. म्हणून त्या जागेच्या किंचित आधी अण्णा बोटानं सुई उचलतात, ती ओळ स्वतः म्हणतात आणि सुई पुढं ठेवतात. पूर्वी ती ओळ सुंदराकाकू म्हणायच्या, अण्णांच्या पत्नी. चाळण हातात धरून, पिठानं पांढऱ्या झालेल्या, त्या गिरणीच्या मागच्या दारातून म्हणायच्या:

"वळून बघते, आई दारात, पिठानं माखला पदर गं."

काकू गेल्यावर अण्णा म्हणू लागले, मग रांगही म्हणू लागली. अण्णांच्या तोंडी काकूंचं नाव कधीच आलं नव्हतं. त्या हयात असताना "घरातनं" आणि गेल्यावर "ती".

याच ओळीवरून अण्णांनी भोरच्या शकीलभाईंचा बँड थांबवला होता. भोंगवलीतलं लग्न होतं. शकीलभाई माईकवर "घाटाखाली" म्हणत होते. तिसऱ्या कडव्यात त्यांनी म्हटलं, "वळून बघते, धुकं दाटलं, दिसंना माजं घर गं." अण्णा जेवणावरून उठले.

"बाईंनी असं म्हटल्यालं न्हाई!"

"अण्णा, वालिदांनी जत्रंत बाईंच्या म्होरं बसून ऐकलंय," शकीलभाई माईकवरूनच म्हणाले. "तेच मला शिकिवलं."

"तुमच्या वालिदांच्या कानात ताशा असंल. पदर म्हना."

ताशेवाला फिस्सकन हसला. नवरदेव घोड्यावर खोळंबला होता, घोडं उसाच्या वाढ्यांकडं ओढत होतं. शकीलभाईंनी "पदर" म्हटलं आणि वरात हलली. पण त्यानंतर किकवीत त्यांनी "घाटाखाली" कधी घेतलं नाही. कुणी फर्माईश केली तर म्हणायचे, "ते गाणं अण्णांच्या मालकीचं हाय. त्येंच्याकडनं परवानगी काढा."

गेल्या वर्षी बातमी आली, की एका कंपनीनं चंद्राबाईंची जुनी गाणी मूळ ध्वनिफितींवरून साफ करून पुन्हा रेकॉर्डवर काढली आहेत. मी भोर-वेल्ह्याच्या बातम्या पाठवतो, त्यामुळं मला ती लवकर कळली. मी गिरणीत जाऊन सांगितली. मला वाटलं, अण्णा उडी मारतील.

"समदी गानी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"घाटाखाली बी?"

"तेही."

"साफ केली म्हंजी कशानं? राखंनं तर न्हाई ना?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी खटका वर केला आणि नाचणीचं दळण सुरू केलं. मी अजून तिथंच उभा आहे हे त्यांना माहीत होतं. बऱ्याच वेळानं, पट्ट्याच्या आवाजावर ओरडून ते म्हणाले, "मागवा!"

रेकॉर्ड आली. नवं कोरं कव्हर, वर चंद्राबाईंचा फोटो, मोठं कुंकू, हसू नाही. अण्णांनी हात धुतले, धोतराला पुसले, पुन्हा धुतले. त्यांना ती एकट्यानं ऐकायची असेल म्हणून मी निघालो, तर त्यांनी थांबवलं.

"शकीलला बोलवा. रविवारी. गिरणीतच ऐकायची, रांगेम्होरं."

"आधी तुम्ही एकदा ऐका की."

"मला आईकायची गरज न्हाई. शकीलला बोलवा."

मी म्हटलं, शकीलभाई येणार नाहीत. अण्णा म्हणाले, "मग टेम्पो करून मी भोरला जातो. मशीन घिऊन जातो. बँडच्या दुकानाम्होरं लावतो. आईकावंच लागंल."

शकीलभाई आले. बरोबर घडी घातलेला रुमाल होता, तो त्यांनी पोत्यावर पसरला आणि वर बसले. रांग नेहमीपेक्षा लांब होती. बऱ्याच जणींच्या डब्यात धान्य नव्हतंच.

अण्णांनी खटका पाडला. रेकॉर्ड लावली. नव्या रेकॉर्डवर बाईंचा आवाज पहिल्यांदाच धुळीशिवाय ऐकू आला. दम घेतलेला कळत होता, तुणतुण्याची तार कुठं सैल आहे तेही कळत होतं. अण्णांनी दोनदा "हां" म्हटलं. तिसरं कडवं आलं. सवयीनं त्यांचं बोट सुईकडं गेलं आणि त्यांनी ते मागं घेतलं.

"वळून बघते, धुकं दाटलं, दिसंना माजं घर गं."

गाणं संपलं. मग ताराबाई, रांगेत सगळ्यात पुढं असायची ज्यांना सवय, म्हणाल्या, "अगंबया. मग पदर कुठं गेला?"

"पदर बाईंचा नव्हताच," अण्णा म्हणाले. ते शकीलभाईंकडं वळले. "तुमचं वालिद बरोबर व्हते. मला तवाच ठावं व्हतं. रेकॉर्ड कोरी व्हती तवा म्या आईकली व्हती की."

शकीलभाईंनी रुमाल सारखा केला. "मग माज्या बापाला बहिरं ठरवलं ते?"

"चुकलं माजं. चारचौघांत बोललो, म्हून चारचौघांत बोलावलं."

मग अण्णांनी सांगितलं. लग्न नवं होतं. ते बायकोला म्हणाले होते, तबकडी लखलखीत ठेवायची. हिर्डोशीच्या डोंगरातून आलेल्या त्या मुलीनं रेकॉर्ड कधी पाहिली नव्हती. तिनं ती भांड्यांबरोबर अंगणात नेली आणि राख लावून काथ्यानं घासायला घेतली. अण्णा ओरडत धावले तोवर एक पट्टी घासून झाली होती.

"म्या लई बोललो. दुसऱ्या दिवशी लावली, तर तिसऱ्या कडव्याला सुई उडाली. म्या कपाळाला हात लावला. तर मागल्या दारातनं तिनं ओळ म्हनली. आपल्या मनानं रचून. बरोबर चालीत." अण्णांनी पट्ट्यावरचं पीठ झटकलं. "म्हनली, फाटलं तर ठिगळ लावायचं, रडायचं कशाला."

"ठिगळ बाईंच्या कापडाला शोभलं व्हतं," शकीलभाई हळूच म्हणाले.

"व्हय. पर आता तितं फाटकंच न्हाई." अण्णांनी नव्या रेकॉर्डकडं पाहिलं. "आता सुई उडत न्हाई. तिची ओळ घालायची कुठं?"

ते रेकॉर्ड कव्हरात घालायला लागले. ताराबाईंनी डबा फरशीवर आपटला.

"अण्णा, उडत न्हाई तर उचला की! रोज उचलताच."

अण्णांनी रेकॉर्ड पुन्हा लावली. तिसरं कडवं आलं आणि त्यांनी बोटानं सुई उचलली. त्यांच्या तोंडून आवाज निघेना. रांग त्यांच्याकडं बघत राहिली. शकीलभाई पोत्यावरून उठले, एक हात कानावर ठेवला, आणि लग्नाच्या मांडवात म्हणावं तसं मोकळ्या आवाजात त्यांनी म्हटलं,

"वळून बघते, आई दारात, पिठानं भरला पदर गं."

अण्णांनी सुई तशीच वर धरली.

"माखला," ते म्हणाले. "भरला न्हाई. सुंदरानं असं म्हटल्यालं न्हाई."

शकीलभाईंनी कान पकडला आणि ओळ पुन्हा म्हटली.