चार ते पाच, महाराजा!

"बाबा, आज चार वाजता. माझी बाहुली पयली आसा," सातवीतल्या दिव्याने दप्तर पाठीला लावत बजावलं. "येतलस मा?"

"व्हय गो," गुरुदास म्हणाला.

"खेळांच्या वेळेकय व्हयच म्हटलेलस. भाषणाच्या वेळेकय. आणि इलस नाय."

"तेका दुसरो शब्दच येना नाय," आतून नर्मदा म्हणाली.

नर्मदा बायको असली तरी तिचं म्हणणं खरं होतं. गुरुदास ग्रामपंचायतीचा शिपाई. नळयोजनेचा पंप तोच चालू करी आणि तोच बंद करी. शिवाय गावात कुणाचं काही नवं निघालं, की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणंही तोच घाली. गाऱ्हाण्यात मागणारा एक आणि 'व्हय महाराजा' म्हणणारे सगळे. गुरुदासचा आवाज असा चढत जाई, की पेंगणारा माणूसही शेवटच्या 'महाराजा'ला होकार देऊन मोकळा होई.

पिंगुळीच्या कलाकारांनी आठ दिवस शाळेत येऊन मुलांना कळसूत्री बाहुल्या शिकवल्या होत्या. दिव्याने नारळाच्या सोडणाचं डोकं करून शेतकरी बनवला होता. दोऱ्या ओढून ओढून तिची बोटं सोलली होती. आज चुकायचं नाही, असं गुरुदासने मनाशी पक्कं केलं. दीडला पंप सुरू, टाकी भरायला चार तास. दोनला बाबली आणि अतहर यांच्या भागीतल्या नव्या होडीचं गाऱ्हाणं. अडीचला ग्रामसभा. चारला शाळा. साडेपाचला पंप बंद. हिशेब चोख बसत होता.

किनाऱ्यावर होडीला हार घातलेला होता. अतहरने आपली दुआ आधीच करून घेतली होती. गुरुदास नारळापुढे उभा राहिला. ग्रामसेवक रजेवर असल्याने आजच्या सभेचे विषय त्यालाच वाचून दाखवायचे होते आणि ते कागद त्याच्या डोक्यात फडफडत होते.

"बा देवा महाराजा..."

"व्हय महाराजा!"

"आज जी काय ही लेकरा तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय महाराजा!"

"तेंच्या मागच्या सभेचा इतिवृत्त वाचून कायम कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

बाबलीने नारळ फोडलासुद्धा. अतहर मात्र हळूच जवळ आला. "गुरुदासा, सगळा बरा झाला. पण आमची होडी खंय ऱ्हवली?"

गुरुदासने जीभ चावली आणि गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं. त्यात पंधरा मिनिटं गेली. तो धावतपळत सभेत पोहोचला, तेव्हा गाऱ्हाण्याचा चढलेला सूर घशातून उतरायला वेळच मिळाला नव्हता.

सभेत एकच अवघड विषय होता. व्हाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, बंधारा घालायला घरटी एक माणूस, दर रविवारी. दोन वर्षं हा विषय निघे आणि भांडणावर संपे. सरपंच रुक्मिणीबाईंनी कपाळाला हात लावूनच खूण केली, "वाच."

"तर ह्या गावच्या व्हाळार," गुरुदासचा आवाज चढू लागला, "जो काय बंधारा घालूचो आसा..."

"व्हय महाराजा!" मागच्या बाकावरून कुणीतरी सवयीने म्हणालं.

"तेका दर रयवारी घरटी एक माणूस..."

"व्हय महाराजा!" आता अर्धी सभा.

"फावडा घेऊन येऊंदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी सभा. हातही जोडले गेले.

दोन वर्षं बंधाऱ्याला विरोध करणाऱ्या काशीबाई ताडकन उठल्या. "ह्या काय? आमी खंय मत दिला? ता तर गाऱ्हाणा होता!"

रुक्मिणीबाई कपाळावरचा हात काढून सरळ बसल्या. "काकी, माका दिलेलो होकार तुमी मागे घेवा. पण देवाक दिलेलो घेतल्यात?"

काशीबाई खाली बसल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

"गुरुदास, आता आठशे घरांची यादी करून टाक," बाई खुशीत म्हणाल्या. "लोक हत तोपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. गुरुदासच्या तोंडात नेहमीचा शब्द आला. तेवढ्यात त्याला दिव्याची सोललेली बोटं आठवली. 'नाय' म्हणायचा त्याला सराव नव्हता. मग त्याला जे येत होतं, तेच त्याने केलं. हात जोडले आणि डोळे मिटले.

"बा देवा महाराजा! ह्या गुरुदासाक आज चार ते पाच..."

"व्हय महाराजा!"

"कोणी म्हणजे कोणी काम सांगा नये रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सभा म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज काशीबाईंचा होता.

गुरुदास चार वाजता शाळेत पहिल्या रांगेत जाऊन बसला. सव्वाचार झाले. साडेचार झाले. पडदा काही उघडेना. शेवटी त्याने मुख्याध्यापकांना विचारलं.

"प्रमुख पाहुण्या आल्या नाहीत अजून," ते म्हणाले. "सरपंचबाई. दोनदा फोन केला. ग्रामपंचायतीत कसली तरी यादी लिहीत बसल्यात म्हणे. शिपाई निघून गेला त्यांचा."

निमंत्रणाचं पाकीट बाईंच्या हातात गुरुदासनेच नेऊन दिलं होतं. पण शिपायाने पाकीट उघडून बघायचं नसतं.

रुक्मिणीबाई पाच वाजून एका मिनिटाने आल्या. बोटांना शाई लागली होती आणि मागून अर्धी सभा आली होती. गुरुदास दिसताच त्यांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजान गेले मा? यादी निम्मी ऱ्हवली हा. चल बघू."

गुरुदास उठला. तोंडातून "व्हय" निघणारच, एवढ्यात पडद्याची कड हलली. दोऱ्यांना लटकलेला, सोडणाच्या डोक्याचा शेतकरी बाहेर आला. त्याने लाकडी हात जोडले.

"बा देवा महाराजा!" पडद्यामागून दिव्या म्हणाली. सूर थेट बापाचा. "माझ्या बापाशीक सहा वाजेपर्यंत बसान ऱ्हवाक दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळी शाळा गरजली. सवयीने रुक्मिणीबाईंनीही हात जोडले, आणि जोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

गुरुदास खाली बसला.

गाऱ्हाण्याला सगळं गाव हजर होतं, पण टाकी नव्हती. ती साडेपाचला भरली आणि वाहू लागली. शाळेच्या मागेच होती, त्यामुळे धबधबा सगळ्यांना ऐकू आला. शंभर माना गुरुदासकडे वळल्या. त्याची मान बाहुलीकडेच होती.

मग रुक्मिणीबाई मुकाट्याने उठल्या, साडी सावरून पाण्यातून पंपाच्या खोलीकडे गेल्या. दोन मिनिटांनी शाळेच्या खिडकीत त्यांचं भिजलेलं तोंड दिसलं.

"गुरुदास, बंद करूचा बटन खंयचा रे? लाल की हिरवा?"

"लाल," गुरुदास म्हणाला, आणि बसून राहिला.