आईच्या गाडीची प्लेट

नंबर प्लेट बदलावी ती नेव्हिल पास्कोनेच, असं मेलबर्नच्या अख्ख्या पश्चिम भागात बोललं जायचं. म्हणजे बोलायचो मीच, पण कोणी खोडून काढत नसे. आमचा धंदा घरचा. थोरला भाऊ रस गाडी उचलायचा, मी तिची प्लेट बदलायचो आणि धाकटा ग्लेन ती विकायचा. आई यात नव्हती. ती स्वयंपाक करायची, पाच कोंबड्या पाळायची आणि या घरात सरळ मार्गाने चालणारी मी एकटीच, हे आम्हाला दिवसातून दोनदा ऐकवायची.

त्या नोव्हेंबरात मी पॅरोलवर होतो. सहा आठवडे उरले होते. तेवढ्यात माझ्यापाशी चोरीचा साधा चमचा जरी सापडला असता, तरी शिक्षेची उरलेली तीन वर्षं पुन्हा आत जाऊन काढावी लागली असती. आतलं वर्णन करून तुमची भूक मारत नाही. मी धंद्याला हात लावत नव्हतो, एवढंच सांगतो. जुना साठा तेवढा शिल्लक होता. बासष्ट प्लेटा, कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरलेल्या.

आणि गुरुवारी पत्रपेटीत चिठ्ठी आली.

शेजारी चौदा नंबरात नवं जोडपं राहायला आलं होतं. बाई हसतमुख, नाव वेंडी ट्रास्क. नवरा काय करतो हे आम्हाला त्यांच्या दोरीवरच्या धुण्यावरून समजलं. निळे शर्ट पाच, आणि पाचही शर्टांच्या बाहीवर पोलीस सार्जंटच्या फिती. त्या दिवसापासून ग्लेन परसात जाताना वाकून चालायचा. चिठ्ठी अशी होती: "शनिवारी दुपारी बारा वाजता आमच्या परसात. तुम्ही सगळे नक्की या. येताना एक प्लेट आणा. वेंडी."

रसने ती तीनदा वाचली आणि खुर्ची ओढून बसला.

"कळलंय तिला," तो म्हणाला.

"पण एकच का मागितली?" ग्लेन म्हणाला. "कळलंय तर सगळ्या मागेल ना?"

"नमुना हवा असेल."

आई म्हणाली, "नमुना काय, मी गालिचे विकते?" मग तिने चष्मा लावला आणि चिठ्ठी उजेडात धरली. "पोलिसाची बायको आहे. ती सांगतेय, मला सगळं ठाऊक आहे. आपण होऊन एक आणून द्या, मग बाकीचं बघू."

"आपण गेलोच नाही तर?" मी विचारलं.

"मग ती इकडे येईल. नवऱ्याला घेऊन."

शेवटी आईनेच तोड काढली. "माझ्या गाडीची न्या. तिला प्लेट हवीय, प्लेट मिळेल. तपासू दे पाहिजे तितकी. या घरात तेवढी एकच प्लेट सरळ आहे."

रसने तिच्या डोक्याचं कौतुक केलं. ग्लेनने तर तिचा हात हातात घेतला. माझ्या मात्र पायाखालची जमीन सरकली, कारण ती प्लेट सरळ नव्हती आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी आई खाटकाच्या दुकानात गेली असताना बाहेर उभ्या असलेल्या तिच्या गाडीच्या दोन्ही प्लेटा कोणीतरी काढून नेल्या. तेव्हा गाडीत कोण बसलं होतं? मी. डुलकी लागली होती. प्लेटवाल्याच्या उशाखालून प्लेट गेली, हे गावभर झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून आई बाहेर यायच्या आत मी शेजारच्या व्हॅनच्या काढल्या आणि तिच्या गाडीला लावल्या. आई मागे पिशवी ठेवून निघाली. तेव्हापासून ती चर्चला, डॉक्टरकडे, बहिणीकडे ताठ मानेने त्याच गाडीतून जात होती.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. कोणाला? आईला? तिच्या अभिमानाची ती एकच वस्तू, आणि तिला मीच चोरीचे स्क्रू ठोकले होते. मग दुसरी खरी प्लेट आणावी म्हटलं, तर प्लेट मिळवण्याचा मला एकच मार्ग माहीत होता, आणि त्या मार्गाने आणली की ती खरी राहत नव्हती.

निदान साठा तरी घरातून घालवावा, म्हणून शुक्रवारी दुपारी बासष्ट प्लेटा उकरल्या, दोन गोण्यांत भरल्या, आईच्या गाडीच्या डिकीत टाकल्या आणि नगरपालिकेच्या कचरा डेपोकडे निघालो. सावकाश, प्रत्येक चौकात थांबत, असा की रस्त्यातले कुत्रेही मला ओव्हरटेक करत होते. तरी मागून निळा दिवा लागलाच. सार्जंट ट्रास्क स्वतः उतरून खिडकीशी आला.

"अरे, शेजारी का. प्लेट कुठाय रे?"

तेव्हा मला आठवलं. ग्लेनने सकाळीच गाडीच्या दोन्ही प्लेटा उतरवून आईच्या हवाली केल्या होत्या. मी बासष्ट प्लेटा घेऊन फिरत होतो आणि गाडीला एकही नव्हती.

"आईकडे," मी म्हणालो. "उद्या तुमच्याकडे आणायचीय ना. तिने कापडात गुंडाळून उशाशी ठेवलीय."

ट्रास्कच्या कपाळावर आठी पडली, मग एकदम गेली. "अच्छा, वेंडीने सांगितलेली. वा. आईची स्वतःची ना? विकतची नको हं, आम्हाला घरचीच आवडते."

"घरचीच," मी म्हणालो. "अस्सल."

"छान. आणि ही गाडीची पडली वाटतं कुठे. या खड्ड्यांत काय टिकतंय." त्याने छपरावर थाप मारली, आणि डिकीत खणखणलं. "मागे काय वाजतंय?"

"कोंबड्यांची पाण्याची भांडी."

"किती कोंबड्या आहेत तुमच्या?"

"बासष्ट," तोंडातून निघून गेलं.

"बासष्ट? मग अंडी पाठवत जा की. चल, वळव गाडी. मी मागून येतो. दुसऱ्या कोणी अडवलं तर उगाच दंड भरावा लागेल तुला."

अशा रीतीने चोरीच्या बासष्ट प्लेटा निळा दिवा लावून, पोलिसांच्या बंदोबस्तात परत आमच्या दारात आल्या. ट्रास्क गेल्यावर मी त्या पुन्हा खुराड्याखाली ढकलल्या. त्या रात्री मला तासभरच झोप लागली, आणि त्या तासात स्वप्न पडलं ते तुरुंगातल्या रश्श्याचं.

शनिवारी आम्ही चर्चचे कपडे घालून निघालो. आईने प्लेट इस्त्रीच्या स्वच्छ पंच्यात गुंडाळून छातीशी धरली होती. चौदा नंबरच्या फाटकाशी आमच्या पुढे एक म्हातारी होती. तिच्या हातात ताटली, ताटलीत सॉसेज रोल. तिच्या मागे एक गृहस्थ, त्यांच्या हातात ताटली, तीत सँडविच. परसात लांब टेबल मांडलेलं, आणि जो येईल तो त्यावर आपली भरलेली ताटली ठेवत होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'प्लेट आणा' म्हणजे घरून एक पदार्थ करून आणा, एवढंच त्या बाईला म्हणायचं होतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. आम्हाला माहीत नव्हतं, कारण चाळीस वर्षांत आमच्या घराला कोणी जेवायला बोलावलंच नव्हतं.

"आई," मी पुटपुटलो, "खायची प्लेट. खायची. ती बाहेर काढू नकोस."

पण वेंडी समोर आली होती. "या, मिसेस पास्को. प्लेट आणलीत?"

"आणली," आई म्हणाली आणि तिने पंचा सोडला.

ट्रास्क खो खो हसत सुटला. "काल पोरगा मला हेच म्हणत होता. आणि मी म्हणतोय, घरचीच आणा." बघता बघता सगळी गल्ली हसायला लागली. वेंडीने डोळे पुसले, प्लेट नळाखाली धुतली आणि तिच्यावर नारळाचा कीस लावलेले लॅमिंग्टन केक ओळीने मांडले. तीन अक्षरं, तीन आकडे, बरोबर सहा केक. कोणी आईला खुर्ची दिली, कोणी चहा. आई लाजली. तिला लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

ते मिनिटभर टिकलं. मग एका बाईने पहिला केक उचलला आणि खालून 'के' दिसला.

मी टेबलाला चिकटून उभा राहिलो. केक उचलला गेला की तिथे मी सँडविच ठेवायचो. सँडविच कोणी उचललं की सॉसेज रोल. ग्लेनला खुणावलं, तर त्याने माझ्यासमोरच दोन लॅमिंग्टन खाल्ले, वर मी झाकायला ठेवलेलं सगळंही फस्त केलं. शेवटी कोपऱ्यावरचे म्हातारे झाम्मित, जन्माने माल्टाचे आणि नजरेने घारीचे, शेवटचा केक उचलून तिथेच थांबले.

"के टी डब्ल्यू चारशे सदतीस," त्यांनी मोठ्याने वाचलं. "हा माझ्या व्हॅनचा नंबर. दोन वर्षांपूर्वी खाटकाच्या दुकानाबाहेरून गेलेला."

ट्रास्कचं हसणं विरलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार, कारण तिला वाचायला एक क्षण पुरला. कबूल करायला मी पुढे झालो. खरंच सांगणार होतो.

"थांब, नेव्ह," ती म्हणाली. मग ट्रास्ककडे वळली. "मी काढली होती ती, सार्जंट. माझी गेली होती, राग आला होता."

"तुम्ही?" ट्रास्कने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मिसेस पास्को, मुलाला पाठीशी घालू नका. तुम्हाला हे जमेल का?"

आईने टेबलावरची केक कापायची सुरी उचलली. "रस," जाता जाता ती म्हणाली, "कोंबड्यांना दाणे घालायचे राहिलेत. सगळे घालून ये." रस समजला आणि कुंपणावरून थेट खुराड्याकडे गेला. आई बाहेर उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीपाशी गेली, अख्खी गल्ली तिच्या मागे. ती एका हाताने बंपर धरून वाकली. सुरी चार वेळा फिरली. मला पाना लागतो, तेल लागतं, खाली अंथरायला गोणपाट लागतं. मी अजून पुढे होऊन नीट बघतोय, तोवर ती सरळ झाली होती आणि पोलिसांची प्लेट ट्रास्कच्या हातात होती. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

अकरा वर्षांच्या धंद्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

कोर्टाने तिचं वय पाहून समज देऊन सोडलं. झाम्मितांची तिने माफी मागितली आणि महिनाभर त्यांना अंडी पुरवली. खुराड्याखाली आता नुसती माती आहे. सहा आठवड्यांनी माझा पॅरोल संपला, त्या दिवशी जेवताना आईने विचारलं, पुढे काय करणार?

"धंदा सोडतोय, आई," मी म्हणालो. "तू माझ्यासाठी एवढं केलंस, आता मी सरळ मार्गाने चालणार."

"चाल बाबा," ती बटाटे वाढत म्हणाली. "तसंही यात तुला फारसं काही जमत नव्हतं."