जिल्हा झाला की

उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ घालणे हे प्रत्येक गृहस्थाचे कर्तव्य असून, मेळ बसत नसल्यास दोहोंपैकी एकात दुरुस्ती करावी लागते. खर्चात दुरुस्ती करायला घरच्यांचा विरोध असतो आणि उत्पन्नात करायला मालकाचा. म्हणून शहाणी माणसे तारखेत दुरुस्ती करतात. या बाबतीत हिंगळपूर हे तालुक्याचे गाव साऱ्या मराठवाड्यात पुढारलेले आहे, हे मान्य करायला हवे.

हिंगळपूर लातूर आणि नांदेड यांच्या मधोमध असून दोन्हीकडच्या साहेबांना ते पलीकडच्या साहेबांचे वाटते. यावर उपाय एकच, तो म्हणजे हिंगळपूरचा स्वतंत्र जिल्हा. जालना झाला, लातूर झाला, पुढे हिंगोली झाली. आता राहिले कोण, हे शेंबडे पोरही सांगेल. घोषणेसाठी वर्षातले तीन दिवस राखून ठेवलेले आहेत : सव्वीस जानेवारी, एक मे आणि सतरा सप्टेंबर. (पंधरा ऑगस्टला कोणी अपेक्षा ठेवत नाही. माणसाला विश्रांतीही हवी.) आणि जिल्हा होणार हे एकदा नक्की म्हटल्यावर तो होईपर्यंत अडून बसणे गावाला वेडेपणाचे वाटले. ‘जिल्हा कटिंग सलून’ सुरू झाले, ‘कलेक्टर कोल्ड्रिंक्स’ सुरू झाले, आणि गावाबाहेरच्या गायरानात ‘नियोजित जिल्हाधिकारी कार्यालय’ अशी पाटी लागली. तिथे सध्या शेळ्या असतात. हजेरी नियमित आहे.

गावात उधारी नाही. ही गोष्ट ऐकून बाहेरचे पाहुणे थक्क होतात. किराणा, दाढी, औषध, लग्नातला मांडव, सगळ्याचे पैसे ‘जिल्हा झाला की’ द्यायचे असतात, आणि जे पैसे अजून द्यायची वेळच आली नाही त्यांना उधारी कसे म्हणता येईल? किती माल द्यायचा हे माणसाच्या पगारावरून ठरत नसे. त्याचे घर गायरानापासून किती अंतरावर आहे त्यावरून ठरे. जवळच्याला तुपाचा डबा मिळे. वेशीबाहेरच्याला तेलाची पिशवी, तीही तोंड बघून.

ज्या साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या साली हिंगळपुरातला सर्वांत ऐपतदार माणूस मन्मथ हा होता. तो एका दाळमिलमध्ये सुपरवायझर होता, पगार अकरा हजार. पण घर बरोबर गायरानासमोर. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे तिसरी, स्लॅबची, शटर लावलेली. ही तिसरी खोली त्याने पतसंस्थेचे कर्ज काढून बांधली होती. कचेरी झाल्यावर समोर स्टॅम्पपेपर आणि झेरॉक्सचे दुकान लागणार, हे उघडच होते. एकुलती मुलगी देगलूरला दिलेली. तिच्या लग्नाचे कर्ज होते, पण ते आता जुने झाल्यामुळे त्याचा त्रास होत नसे. किराण्याचे खाते गुरुबसप्पांकडे. गुरुबसप्पा हे किराणा दुकानदार असून जिल्हा निर्मिती संघर्ष समितीचे अध्यक्षही होते, त्यामुळे माल आणि आशा एकाच काउंटरवर मिळे.

पाऊस पडला नाही. तूर वाळली. मिलमध्ये मशीन आठवड्यातून दोन दिवस चालू लागले, ते बहुधा गंज चढू नये म्हणून. मालकाने मन्मथला बोलावले.

“मन्मथ, माल न्हाई बाबा. कशाला पॉलिश करावं, सांग तूच. संक्रांतीपर्यंत बघू. मग बघू.”

कामगार कायद्यात नोटिशीचे अनेक प्रकार दिले आहेत. आमच्याकडच्या खाजगी क्षेत्रात एकच प्रकार आहे : मालकाने एका दमात दोनदा ‘बघू’ म्हणणे. मन्मथला ते कळले. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरी मिल घेत नाही, आणि घ्यायला दुसऱ्या मिलमध्ये तूर कुठे होती? तो घाबरला. घरी येताना त्याने गाडीची किल्ली तीनदा चाचपून पाहिली, जणू तीही काढून घेतील.

नोकऱ्या जाण्याची कुणकुण लागताच समितीने तातडीने पावले उचलली आणि एक व्याख्यान ठेवले. विषय : ‘नोकरी धोक्यात असताना घरखर्चाचे नियोजन’. वक्ते पतसंस्थेचे व्यवस्थापक. त्यांनी सांगितले की खर्चाचे तीन भाग करावेत : आवश्यक, टाळता येण्याजोगा आणि जिल्हा झाल्यावरचा. (जागच्या जागी हात वर करून घेतलेल्या पाहणीत तिसऱ्या भागात त्र्याऐंशी टक्के खर्च निघाला. व्यवस्थापकांनी समाधान व्यक्त केले.) अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवावा, ते जमत नसल्यास तसा निश्चय तरी बाजूला काढून ठेवावा. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज कधीही काढू नये. नवे कर्ज नव्या कामासाठीच काढावे. याच कार्यक्रमात पतसंस्थेच्या ‘नोकरी-संकट कर्ज योजने’चे उद्घाटन झाले आणि मन्मथ पहिला लाभार्थी ठरला. चाळीस हजार मिळाले. गुरुबसप्पांनी त्याला हार घातला. हाराचे पैसे अर्थात नंतर.

नव्या कर्जातून मन्मथने नवे काम केले. शटरला निळा रंग दिला, आत काउंटर बसवले आणि वर पाटी लावली : ‘मन्मथ झेरॉक्स, स्टॅम्प व टायपिंग. कलेक्टर कचेरीसमोर.’ पाटी पाहून दोन दिवसांत गुंडप्पा शिंपी आला. त्याला मशीन ठेवायला जागा हवी होती. महिना सहाशे रुपये देतो म्हणाला, रोख. मन्मथने त्याला चहा पाजून परत पाठवले. जिल्हा झाल्यावर या खोलीला सहा हजार भाडे येणार. आज सहाशेला दिली तर दर पडतो. म्हणजे खोली बंद ठेवल्याने महिन्याला चोपन्नशे रुपयांचे नुकसान टळत होते, आणि ही बचत त्याने जमेच्या बाजूला धरली. हा हिशेब ज्याला चुकीचा वाटतो त्याने शहरात रिकामे पडलेले फ्लॅट मोजावेत.

सारे सुरळीत चालले असते, पण पाणी आडवे आले. नळ कार्तिकातच गेले होते. गल्लीत चार घरे मिळून टँकर घेत. टँकरवाला सीमेपलीकडचा, बिदरकडचा. त्याचा जिल्हा कधीचाच झालेला असल्यामुळे त्याला भविष्याविषयी काही आस्था नव्हती. तो टँकर उभा करी, पाइपवर पाय ठेवी आणि म्हणे, “मोदलु दुड्डु, आमेले पाइप.” आधी पैसे, मग पाइप. मन्मथने त्याला गायरान दाखवले, पाटी दाखवली, नियोजित जिल्ह्याचा नकाशाही दाखवला. त्याने सगळे नीट पाहिले आणि पाय तसाच ठेवला.

मन्मथच्या बायकोचे, सिंधुचे, माहेर सीमेलगतचे. तिला कानडी समजायचे. तिने पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले आणि हंडे भरून घेतले. मग नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आहो, टँकरवाला जिल्हा घेत न्हाई.”

“अडाणी हाय तो.”

“आसंल. पर पाणी त्याच्याकडं हाय.”

संक्रांत झाली. मालकाने ‘बघू’ म्हटल्याप्रमाणे बघितले आणि मिलला कुलूप लावले. शेवटच्या पगाराबरोबर त्याने मन्मथला दोन किलो डाळ दिली, ती मात्र पॉलिश केलेली होती.

चार दिवसांनी सिंधुचा भाऊ व्यंकट नांदेडहून आला. नांदेडला एका मुलींच्या वसतिगृहाची मेस त्याच्या ओळखीच्या माणसाकडे होती. देखरेखीला माणूस पाहिजे. महिना दहा हजार, वर जेवण आणि राहायला खोली. आठवड्यात सांगा, म्हणाला, न्हाईतर दुसरा तयार हाय. तो गेला आणि मन्मथने या प्रस्तावावर साधकबाधक विचार केला. साधक बाजूला पगार होता. बाधक बाजूला जिल्हा.

“मी तिकडं गेलो आन इकडं झाला म्हंजी?”

“झाला तर या की परत. यष्टी हाय.”

“आगं, तवर समोरची जागा दुसरा धरल. लोक टपून बसलेत.”

“समोर काय हाय?” सिंधु म्हणाली. “शेळ्या हायेत.”

मन्मथला राग आला. खरे म्हणजे राग नव्हता, धसका होता. पण नवऱ्याने बायकोसमोर धसक्याऐवजी राग दाखवायचा, अशी आपली प्रथा आहे. इतकी वर्षे ज्यावर घर उभे होते ते एका वाक्यात शेळ्यांवर आले होते. तो म्हणाला, “मी कुठं बी जात न्हाई.”

“मंग मी जाते,” सिंधु म्हणाली.

त्याला वाटले, चिडून बोलते आहे. सोमवारी ती ट्रंक घेऊन यष्टीत बसली. मेसवाल्याने तिला तेच काम दिले, वर सकाळच्या पोळ्या लाटायला दिल्या, आणि पगार आठ हजार ठरवला. (बाईमाणसाला घर चालवायचे नसते, असा सर्वसाधारण समज असल्याने हा फरक ठेवलेला असतो.) आता मन्मथ स्वतः भात लावू लागला. पहिल्यांदा करपला, मग गिजका झाला, मग जमला. घर त्याला मोठे वाटू लागले, आणि बाजारभावाच्या दृष्टीने तसे वाटले नाही, हे नमूद करायला हवे. दुपारी तो नव्या काउंटरमागे बसे आणि समोरच्या गायरानाकडे बघत राही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, “वाट बघून राहिलो.” कोणाची, हे कोणी विचारत नसे, आणि तोही खुलासा करत नसे.

सिंधुचे पैसे पाच तारखेला येत. त्यातून टँकर आला, गाडीचा हप्ता गेला, दिव्याचे बिल गेले. काही रक्कम तिने भावाच्या हाती गुरुबसप्पांकडेही पाठवली. जिल्हा होण्याआधीच पैसे आलेले पाहून गुरुबसप्पा गोंधळले. असा प्रसंग दुकानाच्या इतिहासात घडला नव्हता. त्यांनी नोटा उजेडाकडे धरून पाहिल्या, गल्ल्यात ठेवल्या आणि खात्यावर ‘आगाऊ’ म्हणून जमा केल्या. मग समितीच्या बैठकीत मन्मथचा गौरव झाला. नोकरी जाऊनही ज्याच्या घरात टँकर येतो, ज्याचा हप्ता थकत नाही, त्याचे नियोजन इतरांनी अभ्यासावे असे ठरले. पाडव्याला त्याने आपले अंदाजपत्रक सर्वांसमोर वाचून दाखवावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

पाडव्याला सिंधु दोन दिवसांची रजा घेऊन आली. हातांना पिठाच्या भेगा पडल्या होत्या, पण चेहरा तजेलदार होता. तिथे नळाला पाणी होते. गुढी उभारून झाल्यावर मन्मथने तिला आधी घरातच अंदाजपत्रक वाचून दाखवले. बैठकीत अडखळायला नको.

जमा : शटरचे भाडे सहा हजार, जिल्हा झाल्यावर. झेरॉक्सचे उत्पन्न, जिल्हा झाल्यावर. जागेची भाववाढ. दर न पाडल्याबद्दलची बचत. एकूण जमा पाहिली तर मिलचा मालकही त्याच्याकडे कामाला लागला असता. मग खर्च. मग देणी : पतसंस्था, नोकरी-संकट योजना, गुरुबसप्पा, मुलीचे लग्न.

“आन शेवटचं,” मन्मथ म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला, “सिंधु. हातउसने. सोळा हजार.”

सिंधु कागदावर वाकली.

“म्या हातउसने दिले व्हय?”

“मग काय लिहू? तुजी नोकरी काय कायमची हाय? आज हाय, उद्या न्हाई. जमेत धरता येत न्हाई. म्हणून देण्यात धरलं.”

“आन देणार कवा?”

मन्मथला खोटे बोलता येत नसे. त्याने कागदावरची तारीख वाचली.

“मला बी जिल्हा झाल्यावरच?”

“तुला सगळ्यात आधी,” तो म्हणाला. “पतसंस्थेच्या बी आधी. देवाशपथ.” आणि त्याचे डोळे भरून आले, कारण हे तो अगदी मनापासून बोलत होता. सिंधुलाही ते दिसले. तिला हसावे की रडावे कळेना, म्हणून तिने उठून पुरणपोळी लाटायला घेतली. दुसऱ्या दिवशी यष्टीला निघताना तिने शटरची किल्ली घेतली आणि जाता जाता गुंडप्पा शिंप्याकडे दिली. सहाशे रुपये, रोख, महिन्याच्या महिन्याला. मन्मथला हे कळले तेव्हा दर पडलेला होता.

समितीच्या बैठकीत अंदाजपत्रकाचे उत्तम स्वागत झाले. एका सभासदाने तेवढी शंका काढली, की बायकोचे पैसे देण्यात दाखवायची काय गरज, आम्ही तर ते कुठेच दाखवत नाही. अध्यक्षांनी ती सूचना रास्त असल्याचे सांगून ती रक्कम वगळण्याची शिफारस केली. मन्मथने मान हलवली आणि वगळली नाही.

हिंगळपूरची माणसे भोळी आहेत, असे वाटून वाचकांना हसू आले असल्यास त्याला हरकत नाही. मात्र हसून झाल्यावर आपलाही हिशेब एकदा मांडावा. बढती झाली की, थकबाकी मिळाली की, मुलगा लागला की, भाव चढले की, या साऱ्या रकमा जमेतून काढून टाकाव्यात. मग जे उरेल त्यावर या महिन्याचा हप्ता गेला आहे. ते ज्या बाईच्या पगाराचे, शिकवणीचे, शिलाईचे किंवा मोडलेल्या पाटल्यांचे आहे, तिचे नाव आपण जमेत लिहिले आहे की देण्यात, एवढे पाहावे. कुठेच नसेल, तर आपल्यापेक्षा मन्मथ बरा.