केशरी कुसकुसाची मोहीम आणि शुक्रवारच्या गादीचा निवाडा

वाचणारांस उदंड आयुष्य आणि सणसणीत भूक असो. मेकनेस शहरी, जुन्या कोटाच्या आंत, सुतारांच्या गल्लीत जी थोर मोहीम जाहली, तिचे वर्तमान ज्याने त्याने आपले मर्जीप्रमाणे सांगावे, कोणी त्यांत मीठ घालावे, कोणी मिरी, ऐसे चालले होते. सबब खरे काय ते एकवार कागदी उतरावे, म्हणोन हे लिहिले. यांत बनावट काही नाही. जेथे आहे, तेथे शोभेपुरती आहे.

त्या गल्लीत लल्ला तामू नामे थोर बाईसाहेब नांदत होत्या; त्या मुलखीं मानाने बाईंस लल्ला आणि पुरुषांस सी म्हणतात. शुक्रवारी दुपारचा नमाज आटोपला की कुल खानदानाने त्यांचे घरी यावे, एका परातीभोवती बसावे आणि त्यांचे हातचा कुसकुस खावा, ऐसा पेशजीपासोन रिवाज. कुसकुस म्हणजे रव्याचे वळलेले मोहरीएवढे दाणे. त्यांस मटणाच्या रश्श्याच्या वाफेवर तीन वेळां चढवावे आणि तीन वेळां उतरवावे लागते, एवढे मानपान घेतल्याखेरीज ते फुलत नाहीत. ज्याचे घरी ती परात, त्याचे घरी शुक्रवारची गादी. लल्ला तामूंस ही गादी मातोश्रींकडोन मिळाली. त्यांच्या थोरल्या भगिनी लल्ला झुहूर नव्या शहरांत लिफ्टच्या इमारतीत राहात, त्यांस मिळाली नाही. थोरलीस डावलोन धाकटीस गादी! हे शल्य त्यांचे उरी होते आणि दर शुक्रवारी जेवतां जेवतां ते किंचित हलत होते.

मग दैवाची गति पाहा. लल्ला तामू हम्मामात पाय घसरोन पडल्या आणि उजवे मनगट मोडले. हकीमाने हात प्लास्टरांत बंद केला. हे वर्तमान नव्या शहरांत पोहोचतांच लल्ला झुहूर यांचे फर्मान टेलिफोनावरोन सुटले.

“तामू, आता हट्ट सोड. या शुक्रवारपासून सगळे माझ्याकडे. आणि एकदाच नाही हं, कायमचं. माझ्याकडे लिफ्ट आहे.”

लल्ला तामू यांणी टेलिफोन कानावेगळा केला. त्यांणी भिंतीकडे तोंड केले. प्लास्टर घालतांना ज्या बाईने हूं की चूं केले नाही, तिचे डोळे भरोन आले. हे पाहोन त्यांचे यजमान सी बूशाइब यांस स्फुरण चढले. सी बूशाइब यांणी आयुष्यभर जलाबे, म्हणजे टोपीचे पायघोळ अंगरखे, शिवले. सुई त्यांची समशेर, अंगुस्तान त्यांचे शिरस्त्राण. स्वयंपाकघराचा मुलूख मात्र त्यांणी जेवणाऱ्याचे बाजूनेच पाहिला होता. त्यांणी टेलिफोन हातांतोन घेतला आणि म्हणाले,

“लल्ला झुहूर, शुक्रवार इथेच होईल. कुसकुस मी करतो.”

लल्ला तामू रडणे विसरल्या. “अहो, तुम्ही? तुम्हाला चहात साखर किती घालायची ते कळत नाही!”

“मापाचंच काम आहे ना? जन्मभर दुसरं काय केलं मी?”

टेलिफोनांतोन हास्याचा गडगडाट जाहला. मग लल्ला झुहूर यांणी अटी घातल्या: शेजारणीची कुमक घेऊं नये, डब्यांतला झटपट कुसकुस आणूं नये, आणि बेत फसला तर शुक्रवारची गादी नव्या शहरीं जाईल, मग कुरकुर चालणार नाही. सी बूशाइब यांणी अटी कबूल केल्या. लल्ला तामू यांणी कपाळास हात लावला, तो प्लास्टरचा, त्यामुळे आवाज मोठा जाहला.

शुक्रवार उजाडतांच खासा स्वारी बाजारांत गेली आणि रसद घेऊन आली. मटण, चणे, गाजर, सलगम, कोबी, लाल भोपळा, कोथिंबिरीच्या जुड्या. लल्ला तामू बाहेरचे दालनी दिवाणावर उशांचे बुरुज रचोन बसल्या आणि तेथोन हुकूम सोडूं लागल्या. कांदा परतावा. परतला. मटण घालावे. घातले. मग हुकूम जाहला की केशर चिमूटभर घालावे.

आतां शिंप्याची चिमूट ती. त्यांत खडू, टाचणी, गुंडी आणि गिऱ्हाइकाची उधारी एकदम मावते. ताल्युईनच्या डोंगराहोन आणविलेली ती डबी, लल्ला तामू यांणी जिवापलीकडे जपलेली, एका चिमटीत निम्मी रिकामी जाहली. रस्सा ऐसा पिवळा पडला की हंड्यांत सूर्य बुडाला. सुगंध गच्चीवर चढला आणि शेजारच्या मिनारावरील करकोचे माना वाकड्या करोन खाली पाहूं लागले.

“अहो, किती घातलंत?”

“चिमूटभर.”

“कुणाची?”

आंत डबीचे झाकण घाईने लागल्याचा आवाज जाहला.

पुढे चाळण चढविण्याची मसलत. खाली रश्श्याचा हंडा, वर दाण्यांची चाळण, आणि दोहोंच्या सांध्यावर पिठाच्या लापशींत भिजविलेली चिंधी घट्ट गुंडाळावी, म्हणजे वाफ बाजूने फितूर न होतां दाण्यांतोन वर येते. सी बूशाइब यांणी चिंधी झकास कापली. परंतु नुसत्या लापशीच्या चिकटीवर त्यांचा इतबार बसेना. जें शिवले नाही ते टिकत नाही, ऐसे त्यांचे मत. म्हणोन त्यांणी सुई ओवली आणि हंड्याचे गळपट्ट्यास बारीक टाक्यांची ऐसी शिवण घातली की गव्हर्नराचे जलाब्यास शोभावी. पहिली वाफ उत्तम चढली. चाळण उतरविण्याची वेळ आली, तेव्हां उतरेना. रस्सा खाली खदखदतो, भाज्या बाहेर खोळंबल्या, आणि चाळण हंड्यास शिवलेली.

“तामू, कात्री कुठाय?”

“कात्री? कुसकुसाला कात्री?”

“विचारू नकोस. कुठाय तेवढं सांग.”

शिवण उसवोन किल्ला मोकळा केला. दाणे परातीत पसरले, पाणी शिंपडले, तेलाचा हात लावला, चोळले. भाज्या रश्श्यांत रवाना केल्या. दुसरी वाफ चढविली, या खेपेस चिंधी नुसतीच बांधिली. इतक्यांत नमाजाची बांग जाहली. आतां स्वारीने मशिदीस जावे तर फौज एकटी राहते. तेव्हां सी बूशाइब यांणी विचार केला की शहर सोडोन जाणारा सरदार दरवाजा उघडा टाकीत नाही. ऐसे म्हणोन त्यांणी चाळणीवर मोठे जड झाकण घातले आणि निश्चिंत मनाने निघोन गेले.

हाय हाय! कुसकुसावर झाकण! जे सात पिढ्यांत कोणी केले नाही ते जाहले. मोकळ्या तोंडाने वाफ निघोन जावी तेव्हां दाणा दाण्यापासोन सुटा राहतो, झाकले की वाफेचे पाणी होऊन उलटे दाण्यांवर पडते आणि कुल फौज एकमेकांस मिठी मारोन बसते. हे त्या गल्लीतील मांजरासही ठाऊक. ठाऊक नव्हते ते फक्त खाणारांस.

लल्ला तामू दिवाणावर बसोन वाट पाहात होत्या. केशराचा सुगंध एकाएकी बंद पडला. त्या नाकानेच समजल्या. उठोन धावल्या, डाव्या हाताने झाकण उडविले, तों आंत गोळे! अक्रोडाएवढे, लिंबाएवढे, काही तोफेस लागावे ऐसे.

सी बूशाइब मशिदीतोन आले तों दारांतच लल्ला झुहूर यांची स्वारी मोटारीतोन उतरत होती. संगे कुल खानदान, मागे त्यांचे यजमान सी महजूब, आणि सी महजूब यांचे दोही हातीं भली थोरली परात, वर वेताचे टोकदार झाकण. लल्ला झुहूर यांणी घरचा कुसकुस करोनच आणिला होता. वेढा घालतांना तयार राजा संगे आणावा, ऐसी ही चाल.

“अहो, आत या. पटकन,” लल्ला तामू यांचा दबका आवाज आला.

सी बूशाइब यांणी गोळे पाहिले आणि मटकन खाली बसले. म्हणाले, “गेली गं गादी.”

“बसू नका. पाणी शिंपडा. मिठाचं. आणि मुरलेलं लोणी काढा, त्या निळ्या बरणीतलं. मी डाव्या हाताने फोडते, तुम्ही दोन्हींनी.”

मग त्या दोघांनी तीन हातांनी जी लढाई दिली, तीस जोड नाही. गोळा घ्यावा, तळव्यांत चोळावा, दाणे मोकळे करावे, पुन्हां परातीत लोटावे. लोण्याचा वास कोपरापर्यंत चढला. बाहेर दालनांत सैन्य भुकेने खवळले आणि लल्ला झुहूर यांणी आवाज दिला, “तामू, पोरांना भूक लागलीय. उघडू का माझं झाकण?”

राज्य जाण्यास एक झाकण उघडण्याचा अवकाश होता. आणि येथे जे घडले ते कोणाचे स्वप्नीही नव्हते. शत्रूचे गोटांतच फितुरी जाहली. सी महजूब हा गृहस्थ लग्नापासोन गप्प होता. परंतु त्याणें मनांत हिशेब मांडिला होता की शुक्रवार आपले घरी आला तर दर शुक्रवारची भाजी कोणी आणावी, गालिचे कोणी झटकावे, आणि जेवणानंतरची आपली झोप कोठे जावी? ऐसा विचार करोन तो खाकरला आणि म्हणाला,

“आधी चहा.”

“जेवणाआधी चहा?” लल्ला झुहूर यांणी डोळे वटारिले.

“घसा कोरडा पडलाय. मीच करतो.”

आणि सी महजूब यांणी तेथेच दालनांत चहा मांडिला. पुदिना एकेक पान निवडोन घेतला. पहिली किटली धुवोन टाकिली. पेला भरला, उलटा किटलीत ओतला, पुन्हां भरला, चाखिला, मान हलविली, साखर घातली, पुन्हां चाखिला. चुलत्यांनी जांभया दिल्या, पोरे गालिच्यावर लोळली, लल्ला झुहूर यांचे पाय हलूं लागले, पण चहाचे तोंडीं घाई करावी ऐसी त्या मुलखांत कोणाची छाती नाही. तितक्या अवकाशांत आंत तिसरी वाफ चढली, उघड्या तोंडाने, आणि केशर पुन्हां दालनांत शिरले.

तरी काही गोळे राहिले. चण्याएवढे, हट्टी, शरण न येणारे. मग सी बूशाइब यांणी गनिमी कावा योजिला. केशराने चणेही पिवळे, गोळेही पिवळे. त्यांणी रश्श्यांतील शिजलेले चणे मूठमूठ पसरले, गोळे त्यांत मिसळिले, वर भोपळ्याचे काप रचिले, मटणाचा बुरुज उभारिला आणि परात उचलोन बाहेर आले.

दोन पराती समोरासमोर ठेविल्या. लल्ला झुहूर यांची पांढरीशुभ्र, भाज्या चाकाच्या आऱ्यांसारख्या लाविलेल्या, दोष काढण्यास जागा नाही. परंतु मोटारीतोन प्रवास आणि सी महजूबचा चहा, या दोहोंत ती थंडगार पडली होती. सी बूशाइब यांची सोनेरी, वाफाळलेली, वाकडीतिकडी. लल्ला झुहूर यांणी बिस्मिल्ला म्हणोन उजवा हात सोनेरी परातीत घातला, रिवाजाप्रमाणे घासाचा लाडू वळिला, तोंडांत टाकिला.

“केशर किती घातलंय हे? लग्न आहे का कुणाचं?”

“चिमूटभर,” सी बूशाइब म्हणाले.

“आणि हा चणा मऊ कसा?”

“कोवळा होता.”

लल्ला झुहूर यांणी दुसरा चणा घेतला, दोन बोटांत दाबिला, त्याचे दाणे जाहले. त्यांणी सी बूशाइबकडे पाहिले. सी बूशाइब यांणी छताकडे पाहिले. आतां फर्मान सुटणार, गादी जाणार, यांत तिळमात्र संशय उरला नाही.

तोंच लल्ला तामू यांणी हळूच डाव्या हातीं चमचा घेतला. उजवा प्लास्टरांत, आणि परातीत डावा हात घालणे शिष्टसंमत नाही. ज्या बाईने जन्मभर या दालनांत सर्वांहून सुबक लाडू वळिले, ती आपल्याच परातीसमोर पाहुण्यासारखी चमचा धरोन बसली. सर्वांनी शिष्टाचाराने नजरा वळविल्या. लल्ला झुहूर यांणी वळविली नाही. फुटलेला चणा बोटांत तसाच राहिला.

“ठेव तो चमचा,” त्या म्हणाल्या. “आ कर.”

“ताई, मी काय लहान आहे?”

“आ कर म्हणते ना.”

त्यांणी सोनेरी परातीतोन मटणाचा तुकडा घेतला, वर दाणे घेतले, तळव्यावर उडवीत लाडू वळिला आणि धाकटीच्या मुखी घातला. मग दुसरा. मग तिसरा. मातोश्रींचे पश्चात प्रथमच.

लल्ला तामू घास गिळोन म्हणाल्या, “पुढच्या शुक्रवारी तुझ्याकडे मला कसं जमेल गं? गर्दीत धक्का लागला हाताला तर?”

“तू कुठे येतेस? मीच येईन. नाहीतर तुला भरवणार कोण, हा शिंपी?”

सी महजूब यांणी विचारिले, “आणि प्लास्टर निघाल्यावर?”

“तुम्ही चहा प्या.”

ऐसा तह जाहला. कलमे येणेप्रमाणे ठरली, की शुक्रवारची गादी सुतारांच्या गल्लीतच राहावी. लल्ला तामू यांचा हात बरा होईतो कुसकुस सी बूशाइब यांणीच करावा. केशराची डबी लल्ला तामू यांचे उशीखाली राहावी. आणि हंड्यास सुई लावूं नये.

राहिली लल्ला झुहूर यांची पांढरी परात. तीस कोणी हात लाविला नव्हता. क्षणभर सर्व तिजकडे पाहूं लागले. तेव्हां लल्ला झुहूर यांणी वेताचे झाकण आपल्या हाताने ठीक बसविले आणि हुकूम केला की ही परात गरम करोन मशिदीच्या दारी गोरगरिबांस वाटावी. आपण ती त्याच हेतूने आणिली होती, प्रथमपासोन.

ऐसे त्यांचे म्हणणे. तेच खरे धरोन येथे नोंदिले आहे, व याविषयी कोणी तकरार करूं नये. सी बूशाइब यांची फत्ते जाहली. गादी राखिली, खानदान तृप्त जाहले, सी महजूब लागलीच घोरूं लागले, आणि विजयी वीर बाह्या सावरोन चाळणीच्या छिद्रांत अडकलेले दाणे एकेक करोन सुईने काढीत बसला.