बाळापेक्षा जड

बाळाचा मोजा त्याच्या कॉटखाली पडला होता. तो उचलावा की दुसरा जोड काढावा, एवढाच प्रश्न होता. मी उचलायचं ठरवलं, तेही खांद्यावरची बॅग न उतरवता. (एकदा उतरवली की परत चढवणार कोण?) आम्हाला बाळाचं वजन करायला जायचं होतं. ते वाढत नाहीये अशी मला धास्ती. डॉक्टरीणबाईंना नव्हती, नवऱ्याला नव्हती, बाळाला तर मुळीच नव्हती. म्हणून सगळ्यांच्या वाटची मीच बाळगत होते.

वाकले, आणि कमरेला कुणीतरी कुलूप घातलं. वर येता येईना, बसता येईना. कशीबशी कॉटचा पाय धरून फरशीवर आडवी झाले. श्वास घेतला तरी कळ थेट मांडीपर्यंत. पायाची बोटं हलवून पाहिली. हलली. जरा वेळाने पुन्हा पाहिली. (मधल्या वेळात बिघडली असतील तर?)

तेवढ्यात बाळ जागं झालं. कठडा धरून उभं राहिलं, मला जमिनीवर पाहून हसलं, आणि आई उचलत नाही म्हटल्यावर भोकाड पसरलं. त्याचे हात माझ्याकडे, मी हातभर अंतरावर, आणि माझा हात पोचत नव्हता. याला आता मी कधीच उचलू शकणार नाही, या विचाराने मला घाम फुटला.

फोन बॅगेत, अर्थातच तळाशी. एकेक वस्तू काढत गेले. गरम पाण्याचा थर्मास. कोमट पाण्याचा थर्मास. ऊन पडलं तर कपडे, गार वारा सुटला तर कपडे. टॉर्च. बालरोगांवरचं जाडजूड पुस्तक. बाळ रडायचं थांबून बघत बसलं.

फोन केल्यावर नवरा धावत आला. "हलू नकोस."

"हलता आलं असतं तर तुला बोलावलं असतं का?"

"म्हणजे पाय...?"

"असं अर्धवट नको रे बोलूस."

दोघांचेही चेहरे पांढरेफटक.

त्याने मला, बाळाला आणि (माझ्या आग्रहाने) पुन्हा गच्च भरलेल्या बॅगेला कसंबसं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "पाय बधिर झालेत? लघवीला त्रास? ताप?" प्रत्येक 'नाही' म्हणताना मला खात्री नव्हती.

"स्नायू आखडलाय. दुखेल भरपूर, पण बरं होईल. नुसत्या पडून राहू नका. शेका, घरात थोडं थोडं चाला. मी विचारलं त्यातलं काही झालं, तर मात्र तडक या."

"आणि बाळ?" मी विचारलं. "उचलता येईल मला?"

"कळ उतरेपर्यंत बसून मांडीवर घ्या. मग खुशाल उचला. गुडघ्यांत वाकून, छातीशी धरून."

मला रडूच आलं. त्यांनी मला बसवायला खुर्चीवरची बॅग उचलली, आणि लगेच खाली ठेवली.

"ही कोण वागवतं?"

"मीच. डाव्या खांद्यावर."

त्यांनी आधी बाळाला काट्यावर बसवलं, मग बॅगेला. काट्याकडे बघून नवरा खोकला.

"बाळाचं वजन छान वाढतंय," बाई म्हणाल्या. "बॅगेचं कमी करा."

कंबर मोकळी झाल्यावर मी बॅग रिकामी केली. दोन लंगोट, एक बाटली, बस. मग वाटलं, वाटेत कंबर धरली तर? म्हणून शेकायची रबरी पिशवी. तिच्यासाठी गरम पाणी, म्हणजे थर्मास. फार गरम असलं तर कोमट, म्हणजे दुसरा. कंबरपट्टा, मलम, पाठीला उशी, आणि पाठदुखीवरचं एक पुस्तक.

मग बाईंनी सांगितलं तशी, गुडघ्यांत वाकून, छातीशी धरून बॅग उचलायला गेले. हललीच नाही.