ठणठणीत कोंबड्यांची अंडी

“अंडी घेताना कोंबड्यांना औषध दिलंय का, ते विचारत जा,” प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अंडं ते अंडं, त्याची कसली चौकशी, असं मनात म्हणत तिने मान डोलावली होती.

क्षयाच्या जंतूंचं खाद्य बनवणं हे तिचं काम. अंडी फेटायची, त्यात हिरवा रंग मिसळायचा, काचेच्या नळ्यांत भरून नळ्या तिरप्या ठेवायच्या आणि आतलं मिश्रण उष्णतेने घट्ट करायचं. त्या रंगामुळे बाकीचे उपटसुंभ जंतू फिरकत नाहीत. क्षयाचा जंतू मात्र आठवडेच्या आठवडे घेऊन तिथे सावकाश संसार थाटतो.

या खेपेला एका नळीत सासऱ्यांची थुंकी होती. त्यांचा खोकला तीन महिने हटत नव्हता आणि घरात पाच महिन्यांची मुलगी. निकाल लागेपर्यंत आजोबा एका खोलीत, नात दुसऱ्या खोलीत, आणि मध्ये ही.

“सूनबाई, तुरुंगातसुद्धा भेटीचा वार असतो,” ते आतून म्हणायचे.

आठ आठवड्यांनी नळी कोरी निघाली, म्हणजे क्षय नाही. मॅडमना दाखवण्याआधीच तिने घरी फोन केला. संध्याकाळी ती पोचेपर्यंत आजोबांनी पापे घेऊन घेऊन नातीचे गाल लाल केले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नळ्या उजेडात धरल्या.

“सगळ्याच कोऱ्या? आणि ही? हिच्यात तर आपण मुद्दाम जिवंत जंतू पेरले होते!”

तिने अंडीवालीला फोन लावला.

“औषध? दिलं की! महिनाभर पाण्यातून. ताई, एक कोंबडी शिंकत नाही बघा!”

ते औषध अंड्यांत उतरलं होतं आणि नळ्यांमधल्या जंतूंनाही त्याने उगवू दिलं नव्हतं.

घरी तिने पुन्हा थुंकी मागितली.

“मी पास झालोय,” सासरे कडाडले. “फेरपरीक्षा नापासांची असते.”

नवऱ्याने हात जोडले, तेव्हा त्यांनी डबी हिसकावून घेतली. “तुझ्या शास्त्रावर थुंकायचंच ना? आण इकडे.”

थुंकले, आणि पिशवी उचलून जुन्या मित्रांना भेटायला निघून गेले. मोबाइल मुद्दाम घरीच ठेवला.

या वेळी तिने कोंबड्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. चौथ्या आठवड्यात जंतू पेरलेल्या नळीत पिवळसर कण उगवले, पावाच्या चुऱ्यासारखे. शेजारची नळी सासऱ्यांची. तिच्यात जरा जास्तच होते.

“खाद्य मात्र झकास जमलंय हो,” मॅडम म्हणाल्या. नोकरीतली ही पहिली शाबासकी तिने भिंतीला टेकून ऐकली.

मुलीला खबरदारीचं औषध सुरू झालंय. सासरे तीन मित्रांकडे राहून पुढे गेले, एवढं कळलंय. चौथा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही.

तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारी कुणी आजोबा पाहुणे आले असतील आणि खोकल्याची उबळ आली की “धूळ आहे हो” म्हणत असतील, तर आजच डोकावून या. खिडकी उघडी आहे का, ते बघा. आणि रागावू नका. नात रांगायला लागलीय, एवढंच त्यांना सांगा.